सासऱ्यांचा सुळा आणि माझा पेपर

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी लिहायची. कारण आज इतिहास घडला आणि तो माझ्या दवाखान्यात, माझ्याच खुर्चीत घडला.
सासरे कवळी टोचते म्हणून आले होते. निवृत्त वकील. पंच्याहत्तरी उलटली, तोंडात एक दात नाही, पण युक्तिवाद थांबलेला नाही. कवळी काढून आत पाहिलं तर वरच्या हिरडीतून पांढरं टोक डोकावतंय. नवा दात! या वयात!
माणसाला दुधाचे दात येतात, मग पक्के येतात. तिसरे येत नाहीत. माझ्या सासऱ्यांना आले. म्हणजे, आला. एक.
ते म्हणाले, जावईबापू, काढून टाका हो, फार टोचतंय. मी म्हटलं, त्याला अजिबात हात लावायचा नाही.

३ मार्च, दुपारी
पेशंट नव्हते, त्यामुळे शांतपणे विचार करता आला.
डेंटल कॉलेजात शिकवायची एक जागा निघाली आहे. अट एकच, नावावर छापलेला निदान एक पेपर हवा. इतकी वर्षं मी या एका खिडकीच्या खोलीत तोंडं उघडून बसलेल्या माणसांशी बोलतोय. एकालाही उत्तर देता येत नाही. वर्गातली मुलं निदान तोंड मिटून ऐकतील.
तिथला विभागप्रमुख माझा वर्गमित्र आहे. आम्ही त्याला गोल्ड मेडल म्हणायचो. मेडल त्याला मिळालं, कारण परीक्षेत मला ताप होता.
योजना: पंधरा दिवसांत पेपर लिहून सबमिट. महिन्याभरात स्वीकार. जूनमध्ये मी वर्गात.

५ मार्च
डेंटल जर्नलचे नियम वाचले. फॉलो-अप हवा, ठरावीक दिवसांनी काढलेले फोटो हवेत. म्हणजे पेशंट हाताशी पाहिजे. सासरे शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहतात आणि लहर आली तरच येतात.
हिला म्हटलं, बाबांना थोडे दिवस आपल्याकडे आणू या का? बिचारे एकटे असतात.
ही बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो, असं तिचं म्हणणं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जास्त खुलासा केला नाही.

९ मार्च
सासरे आले. दोन बॅगा, एक पट्ट्या सुटलेली आरामखुर्ची आणि जुन्या खटल्यांची कात्रणं. त्यांना माझी अभ्यासाची खोली दिली. कम्प्यूटर तिथेच आहे.
सकाळी ते पेपर वाचतात, म्हणून आत जाता येत नाही. दुपारी झोपतात, म्हणून जाता येत नाही. संध्याकाळी फिरायला जातात तेव्हा कुलूप लावून जातात. सवय म्हणे.
तात्पुरतं आहे. लेखन डायनिंग टेबलवर करणार. मोठमोठं लेखन टेबलावरच झालं असेल.

१६ मार्च
संमतीपत्र. जर्नलचा नमुना एकाच पानाचा आहे. सासऱ्यांना वाचायला अख्खी दुपार लागली.
पहिली हरकत: पेशंटचं नाव उघड करणार नाही, असं का? दात माझा आणि नाव नाही? मी म्हटलं, नियम आहे. मग म्हणाले, निदान फोटोत डोळ्यांवर ती काळी पट्टी मारू नका, माणूस आरोपी दिसतो. मी समजावलं की फोटो फक्त तोंडाच्या आतला आहे, चेहरा येणारच नाही. त्यांनी फोटोसाठी दाढी करून ठेवली होती. फार हिरमुसले.
मग विचारलं, ही संमती मागे घेता येते का? मी प्रामाणिकपणे कलम वाचून दाखवलं. केव्हाही, कारण न देता.
हे मी वाचायला नको होतं.

२४ मार्च
टीव्हीवर आता दिवसभर त्यांचंच चॅनेल. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. काल पंखा बंद करायला नाही म्हटलं तर म्हणाले, जावईबापू, त्या संमतीचा फेरविचार करावा की काय, असं मनात येतंय.
पंखा बंद केला. घामाघूम झालो, पण प्रस्तावनेचा दुसरा परिच्छेद झाला. पहिला नंतर करणार.

१४ एप्रिल
सबमिट! पंधरा दिवसांऐवजी थोडा उशीर झाला, पण दर्जा महत्त्वाचा.
अडचणी जर्नलच्याच होत्या. सारांशाचे शब्द जास्त झाले. कमी केले तर दात राहिला आणि मी गेलो. फोटो धूसर म्हणून परत आले. (सासरे फोटो काढताना बोलतात.) एक प्रश्न होता, लेखकाचे पेशंटशी काही नातेसंबंध आहेत का? बराच विचार केला. नातं म्हणजे रक्ताचं. सासरे रक्ताचे नाहीत. 'नाही' वर टिक केली.
शीर्षक: 'वृद्धावस्थेत तिसऱ्या दंतपंक्तीचा उदय'. सासरे म्हणाले, पंक्ती कसली, एकच तर आहे. मी म्हटलं, उदय म्हटलंय, म्हणजे सुरुवात.
कॉलेजात अर्ज टाकला. 'पेपर विचाराधीन' असं लिहिलं, ठळक अक्षरात.

४ मे
सुळा छान वाढतोय. फोटो सुंदर आले.
कवळी आता बसतच नाही, त्यामुळे सासरे सूप आणि केळ्यांवर आहेत. ही म्हणाली, बाबा वाळत चाललेत. मी म्हटलं, या वयात हलकंच राहावं. वजनाचा तक्ता मात्र केला आणि नव्या फोटोंसोबत जर्नलला पुरवणी म्हणून पाठवला. तक्ते असले की पेपर तपासणारे रिव्ह्यूअर खूश होतात.
सासऱ्यांना स्पष्ट विचारलं, दुखतं का? म्हणाले, छे हो. तशी नोंद केली: वेदना नाहीत.

२२ मे
ही म्हणते, बाबा खिडकीत गालाला हात लावून बसलेले असतात. वकील माणूस, विचार करताना बसत असतील. ती म्हणाली, तुम्ही दातांचे डॉक्टर आहात ना? मला या प्रश्नाचा रोख कळला नाही.
'फॉलो-अप चालू असताना ढवळाढवळ केली की सगळी निरीक्षणं वाया जातात,' असं तिला शास्त्रीय भाषेत समजावलं. ती ताटं उचलून निघून गेली. माझं जेवण व्हायचं होतं.

२० जून, सकाळी
रिव्ह्यू आले!
पहिला रिव्ह्यूअर: 'हा तिसरा दात नसून बहुधा तरुणपणापासून हाडात अडकून राहिलेला सुळा असावा. कवळीखाली असे दात वर येणं फारसं दुर्मिळ नाही.'
बहुधा! म्हणजे त्याची स्वतःची खात्री नाही. नाव लपवून बोलणाऱ्यांचं हे असंच. याला चार पानी उत्तर देणार.
दुसरा रिव्ह्यूअर: 'तक्त्यानुसार पेशंटचं वजन सतत घटत आहे. इतके महिने उपचार का केले नाहीत, हे लेखकाने स्पष्ट करावं.'
हा सोपा आहे. शेवटी बघू.

२० जून, दुपारी
उत्तराची मुदत ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. भरपूर वेळ. शांत डोक्याने करायचं. कम्प्यूटरच्या खोलीत सासरे झोपलेत.

५ जुलै
पहिल्याला उत्तर: दोन पानं झाली. शेवटच्या ओळीत जरा कडक बोललोय. असिस्टंट बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, छान आहे, बाहेर पेशंट थांबलाय. पेशंट थांबून गेला.

१२ जुलै
हे नीट लिहून ठेवायला हवं.
दुपारी जेवायला घरी गेलो तर घर बंद. हिला फोन लावला. म्हणाली, बाबांचा गाल सकाळी सुजला, डोळा उघडत नव्हता, आम्ही कॉलेजच्या हॉस्पिटलात आहोत. मी म्हटलं, मला का नाही बोलावलं? ती म्हणाली, तुम्ही कॅमेरा घेऊन आला असता.
धावत गेलो. सासरे बाकावर बसलेले, तोंडात कापूस. शेजारी गोल्ड मेडल. केस पांढरे झाले त्याचे. माझ्याकडे बघून हसला, हातमोजे काढत म्हणाला, अडकलेला सुळा होता रे, आत पू झाला होता, काढून टाकला.
मी विचारलं, दात कुठे आहे?
म्हणाला, टाकला. का, हवा होता?
मग हळू आवाजात विचारलं, कधीपासून होतं हे? मी म्हटलं, अलीकडेच. ही माझ्या मागेच उभी होती. ती म्हणाली, मार्चपासून.
 गोल्ड मेडलने औषधं लिहिली, कागद हिच्या हातात दिला, आणि मला 'भेटू' म्हणून आत गेला. मी उभाच.
टॅक्सीत ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मी आणि सासरे मागे. सासऱ्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. हे माझं सांत्वन होतं की काय, कळलं नाही.

१६ जुलै
ही बोलत नाही. आवश्यक तेवढं बोलते. म्हणजे 'गॅस संपला'.
सासऱ्यांची सूज उतरली. आज पोळीचे दोन घास दुधात बुडवून खाल्ले. मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.
म्हणाले, दुखत होतं हो. बोललो नाही. मुलगी म्हणाली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही काही मनावर घेतलंय. म्हटलं, आपल्यामुळे अडायला नको.
मी म्हटलं, तुम्ही 'छे हो' म्हणाला होता. ते म्हणाले, हो, पण तुम्ही गाल दाबून कुठे पाहिला?
वकिली कधी सुटत नाही. खोलीतून बाहेर आलो. आज पेपरचं काम केलं नाही.

२४ जुलै
कॉलेजातून पत्र. जागा भरली गेली. गोल्ड मेडलची सही आहे, शिक्का आहे, 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' आहे. त्याला ती सही करायची नसणार. किंवा करायची असेल.
पेपर तरी छापून आणायचाच. आता तत्त्वाचा प्रश्न आहे.

१ ऑगस्ट
पहिल्या रिव्ह्यूअरचं चार पानी उत्तर रद्द. त्याच्या वाक्यातला 'बहुधा' आता गेला. शीर्षकातून 'तिसऱ्या दंतपंक्तीचा उदय' काढलं. उरलं 'वृद्धावस्थेत'.
आता फक्त दुसऱ्याचा सोपा प्रश्न. उपचार का केले नाहीत? उत्तराच्या चौकटीत काहीतरी लिहिल्याशिवाय जर्नलचं पोर्टल पुढे जाऊ देत नाही. एक टिंब टाकून पाहिलं. नाही घेतलं.

२ ऑगस्ट
सासऱ्यांनी स्वतः मला आपल्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, कम्प्यूटरसमोर बसवलं. म्हणाले, लिहा: 'वेळोवेळी समजावून सांगूनही पेशंटने स्वेच्छेने उपचारास नकार दिला.' खाली मी सही करतो. कोण काय सिद्ध करणार?
मसुदा निर्दोष होता. मी टाइप केला. दोनदा वाचला. खरं सांगायचं तर फार हलकं वाटलं.
ही चहा घेऊन आली. स्क्रीनवर वाचलं. चहा वडिलांच्या हातात दिला, माझा कप खिडकीत ठेवला आणि गेली. तिचा चेहरा मी लग्नाच्या आधीपासून ओळखतो. हा चेहरा नवा होता.
सासरे म्हणाले, दाबा बटण. मी म्हटलं, थोड्या वेळाने.

३ ऑगस्ट
सासरे फिरायला गेले. आज कुलूप लावलं नाही.
त्यांचं वाक्य पुसलं. 'निरीक्षणाच्या हेतूने' असं लिहिलं. पुसलं. 'लेखकाच्या मते' असं लिहिलं. पुसलं. शेवटी लिहिलं: 'लेखकाला फोटो हवे होते. पेशंट लेखकाचे सासरे आहेत. त्यांना दुखत होतं. लेखकाने नीट पाहिलं नाही.'
सबमिट केलं.
मी काही संत झालेलो नाही. चौकट रिकामी ठेवता येत नव्हती, इतकंच.

५ ऑगस्ट, सकाळी
नापसंत. इतका झटपट निर्णय या जर्नलने आजवर दिला नसेल. संपादकांनी दोनच ओळी लिहिल्यात. पेपर छापता येणार नाही. आणि पेशंटची प्रकृती आता कशी आहे, ते कृपया कळवावं.

५ ऑगस्ट, संध्याकाळी
सासरे आज घरी परत जाणार होते. कॉलेजातून नवी कवळी मिळाली आहे, चांगली बसली आहे, मान्य करावं लागतं. बॅगा दारात, पायांत बूट, टॅक्सी खाली. त्यांनी विचारलं, काय झालं तुमच्या प्रकरणाचं?
मी सांगितलं. सगळंच सांगितलं, चौकटीत काय लिहिलं तेही. ही पायऱ्या उतरता उतरता थांबली.
 सासरे म्हणाले, कबुलीजबाब? माझा मसुदा असताना? मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. म्हणाले, टॅक्सी परत पाठवा. आपण अपील करू. निकाल लागेपर्यंत मी इथून हलत नाही.
बॅगा मी आत नेल्या.
या जर्नलला अपीलच नसतं. हे त्यांना मी सांगायचं की हिने, यावर स्वयंपाकघरात आमची दोघांची बोलणी चालू आहेत. आतापर्यंत पारडं हिच्या बाजूला आहे, म्हणजे सांगायचं मी. पण बोलणी चालू आहेत.