चार फोडींची लिंबं

सूनबाई,

सकाळी लोणच्याची बरणी मी ढवळली. मी जन्मभर लिंबाच्या आठ फोडी करत आले, मग या बरणीत चार फोडींची लिंबं कुठून आली गं? म्हणजे मी विसरून मीठ दोनदा घातलं आणि तू गुपचूप लिंबं वाढवून निस्तरलंस. वर सगळ्यांना सांगितलंस, सासूबाईंच्या हाताची चव! लबाड कुठली.

मसाल्याची मोहरी-मेथी भाजून ठेवली आहे, गार झाली की कुटून घे. गॅस बंद केलाय, तीनदा पाहिला.

तू महिनाभर मागे लागली आहेस ना, त्या डॉक्टरांकडे शेजारणीला सोबतीला घेऊन जाते आहे.

तुझी सासू

ता. क. यापुढे आठच फोडी करत जा, म्हणजे मला कळणार नाही.