टोपणनाव : पॉप्लरचं पान

मंगळवार, ८ ऑक्टोबर. घरी, ट्रेगारॉन, वेल्स

खुर्ची आज गेली! नाटकातल्या एल्गनने तिचे पाय सुटे केले, घोंगडीत गुंडाळली आणि आजारी माणसाला उतरवावं तशी जिन्यावरून खाली नेली. कवितेला बक्षीस मिळाली तेव्हापासून, अठ्ठावन्न वर्षं, ती खिडकीपाशी होती. फरशीवर चार फिकट ठसे उरलेत. त्यांच्याकडे बघत बसलो, चहा गार झाला.

हे नाटक दौऱ्यावर नेणारी मेरेरिद म्हणाली, "मास्तर, नाटकातली खोटी खुर्ची नको. तुमची खरी खुर्ची, तुमची खरी कविता. अर्जेंटिनात, पातागोनियात जाऊन वसलेल्या आपल्या वेल्श लोकांपुढे सगळं खरं हवं."

खरं! माझ्याच वर्गात बाकावर उभं राहून ती कविता म्हणायची ही पोर. तिला काय सांगू?

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. ब्यूनोस आयरेस, विमानतळ

नाटकातली लाकडी तलवार अडवली. अधिकारी एल्गनला विचारतोय—हे कशासाठी? एल्गन म्हणाला, "शांततेसाठी." आणखी अर्धा तास गेला. मेरेरिद त्याच्यावर खेकसली, "गाढवा, तुझं तोंड पेटीत घालून आणायला हवं होतं!"

ते भांडताहेत, तेवढ्यात मी हे लिहितोय. निदान या वहीत तरी एकदा सरळ लिहावं. ती कविता माझी नाही.

एकोणीसशे त्रेसष्ट साली मिस पॅरींनी वर्गात पत्ते वाटले—समुद्रापलीकडच्या वेल्श मुलांचे. मला मिळाली पातागोनियातल्या गायमनची एल्विरा. तीन वर्षं पत्रं. माझी शाळेत पाठ केलेल्या कवितांनी भरलेली, तिची स्वतःच्या. एकदा आठ कडव्यांची एक कविता आली, खाली तिचं टोपणनाव—पॉप्लरचं पान. वाचून रात्रभर जागा राहिलो. आणि सहासष्टच्या काव्यमेळाव्यात, जिथे जिंकणाऱ्या कवीला खुर्ची देतात, ती माझ्या अक्षरात उतरवून पाठवली. टोपणनावासकट! नवं नाव शोधण्याइतकी लाजही वाटली नाही. नियमाप्रमाणे सोबत बंद पाकिटात खरं नाव—इद्वाल प्रॉसर.

खुर्चीचा मान मिळाला. त्यानंतर तिला पत्र लिहिलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर. ट्रेल्यू

पहिला प्रयोग पार पडला. एल्गन एकटा सात माणसं होतो, मेरेरिद दिवे सांभाळते. मी शेवटपर्यंत प्रेक्षकांत बसलेला, कुणाला ठाऊक नसतं. मग मेळाव्यातल्या खुर्चीच्या सोहळ्याचा प्रवेश येतो. एल्गन भालदार होतो, तलवार म्यानातून अर्धी काढतो, "शांतता आहे का?" तिकडे आमच्या गावात लोक उत्तर देतात ते चॅपलमध्ये आमेन म्हणावं तसं. इथे छप्पर हललं—"शांतता!" तीनदा. मग टोपणनावाचा पुकारा होतो, मी उठतो, प्रकाश माझ्यावर. खुर्चीत बसवतात. कविता म्हणतो.

टाळ्या खूप पडल्या. नंतर एक टोपीवाले गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पॉप्लरचं पान... गायमनला आमच्या एल्विराबाई होत्या, शाळेच्या अंकात अशाच नावानं लिहायच्या."

"होत्या?"

"आहेत की! गुरुवारी गायमनच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बघाल त्यांना."

सोमवार, १४ ऑक्टोबर

या दौऱ्याला मी हो म्हटलं, ते ती आता नसेल असं धरून. लिहायला लाज वाटते. पण तसंच होतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर. गायमन

वारा. सगळीकडे पॉप्लरची झाडं, एका रांगेत, तिच्या पत्रांत होती तशीच. सतराव्या वर्षी मी डोळे मिटून या रस्त्यांवरून किती हिंडलो होतो! आज मान वर करून चालवत नाही.

मेरेरिदला म्हटलं, कविता काढून टाकू या. शेवट जड होतो.

"मास्तर, कविता काढली तर उरतं काय? एल्गनच्या मिशा?"

"मग टोपणनाव तरी बदल."

"का पण?" आणि अशी रोखून बघायला लागली, की मी घसा धरला. खोकला आलाय म्हणालो. तिने लगेच मध आणला. तो संपेपर्यंत समोरून हलली नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ती आली. डेल्माबाईंच्या चहाघरात आम्ही उतरलोय, तिथेच. काठी, निळा स्वेटर, पुरुषी बूट. डेल्माबाईंनी काळ्या केकचा तुकडा माझ्या बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "एल्विरा, हे बघ तुझे पत्रवाले!"

एल्विराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फोटोत केस होते तुला."

"तुझी वेणी होती."

"पत्रं बंद केलीस."

"कामं... शाळा..."

"अठ्ठावन्न वर्षं शाळा सुटली नाही होय रे?"

सगळे हसले. मीही. मग तिने विचारलं, अजून कविता करतोस? मी तोंड उघडायच्या आत एल्गन बोलला—"करतात म्हणजे काय, बाई! उद्या ऐकाच. यांच्या कवितेवर तर आमचं पोट आहे." केक घशात अडकला. तिने माझी पाठ चोळली. छोट्या, खरखरीत हाताने.

तिला काहीही ठाऊक नाही. मेळाव्याचा निकाल छापणारं आमच्या गावचं साप्ताहिक इथवर कशाला येतंय! निघताना म्हणाली, "मी सोडलं लिहायचं. तुझ्याकडून काही कळलं नाही ना, मग वाटलं, त्यात काही दम नसावा."

हे वाक्य लिहून घेतलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर. दुपार

पर्याय असे: आजारी पडणं. पळून जाणं (कुठे? चहूकडे वाळवंट!). किंवा नेहमीसारखं उठणं, म्हणणं आणि तिच्या डोळ्यांत बघणं.

सकाळी तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. दोनदा. दुसऱ्यांदा तिचं कुत्रं भुंकायचंही थांबलं, ओळख झाली. दार वाजवलं नाही.

एल्गन खुर्चीचे पाय बसवतोय. हातोडीचा आवाज इथे ऐकू येतो. चॅपलबाहेर माणसं जमायला लागली, चार वाजल्यापासूनच.

ठरलं. मी उठणार नाही. पुकारा होऊ दे. नाव जिचं आहे ती तिथे बसलेली असेल.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. सकाळ

जसं घडलं तसं लिहितो.

"शांतता आहे का?"—"शांतता!" तीनदा. एल्गनने पुकारलं, "पॉप्लरचं पान, जिथे असशील तिथे उभं राहा!" प्रकाश माझ्यावर आला. मी बसून राहिलो. मांड्यांवर हात. दुसरा पुकारा. मेरेरिदने दिवा दोनदा लुकलुकवला, म्हातारा झोपला की काय म्हणून! शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं. मी तिसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेकडे बघत होतो. निळ्या स्वेटरची पाठ ताठ झाली होती.

तिसरा पुकारा.

एल्विरा उठली. काठी बाकाला लावून ठेवली, बिनकाठीची उभी राहिली. लोकांना वाटलं हेच नाटक—टाळ्या! एल्गन भला माणूस, एक क्षण अडखळला, मग पुढे होऊन तिचा हात धरला आणि माझ्या—त्या—खुर्चीत बसवलं.

मग मी उठून कविता म्हटली. पहिल्या कडव्याला तिची मान वर झाली. दुसऱ्यापासून तिचे ओठ हलत होते. शेवटी मी म्हणालो, "ही कविता यांची आहे. मी चोरली." कुणी टाळी वाजवली नाही. वाऱ्याने पत्रा वाजत होता तेवढाच.

मेरेरिद गाडीपाशी उभी होती. "मास्तर, आम्हाला कॉपी केली म्हणून छड्या मारायचात तुम्ही." एवढंच. आज सकाळी प्रयोगाच्या पत्रिकांवरचं माझं नाव ती पेनाने खोडत होती. एकेका पत्रिकेवर. मदत करू का विचारलं. सरकून बसली, पण पेन दिलं नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर. ट्रेवेलिनच्या वाटेवर

एल्विरा पुढच्या प्रयोगाला आमच्याबरोबर निघाली आहे. पुढच्या सीटवर ती, मागे सामानात मी. पाच तास झाले. आत्ता ती मान न वळवता म्हणाली, "इद्वाल, सहाव्या कडव्यात तू नदी घातलीस. मी कालवा लिहिला होता. नदी आपली आपण वाहते रे. कालवा माझ्या आजोबांनी फावड्याने खणला."

त्याच ओळीचं परीक्षकांनी कौतुक केलं होतं. सबंध कवितेत तेवढा एकच शब्द माझा, ठेक्यासाठी म्हणून बदललेला.

"आज कालवा म्हण."

पुटपुटून पाहिलं. ठेका मोडत नाही. तेव्हाही मोडत नव्हता!