महादेवीची गाठ

९ जानेवारी
महादेवीच्या छातीत गाठ, डाव्या बाजूला. तिला दिवाळीपासून माहीत होती म्हणे. आज अंघोळ करून आली आणि गॅस संपल्याचं सांगावं तसं सांगितलं. "दुखत नाय, म्हणून बोलले नाय."
बसूला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "पप्पा, घाबरू नका. आता आपल्या उपकेंद्रातच डॉक्टर दिसतो, ऑनलाइन." उद्या शाळेत रजा.

१० जानेवारी
डॉक्टर दिसला. मोबाइलच्या पडद्यावर, हिंदी बोलणारा, पोरगेलासा. कुठल्या गावचा कोण जाणे. कॅमेरा जवळ न्या म्हणाला. हिनं पदर गच्च धरला. "त्या डब्यातून कोण कोण बघतंय, मला काय म्हाईत?"
शेवटी सिस्टरनी हिला आत नेऊन स्वतः तपासलं आणि त्याला तोंडी सांगितलं. टणक आहे, हलत नाही, दर्द नहीं है सर. आवाज तुटत होता. तो म्हणाला, "दर्द है तो इन्फेक्शन होगा. गोली लिखता हूँ." सिस्टर ओरडून सांगतायत, नहीं सर, दर्द नहीं. तिकडं चित्र गोठलेलं, त्याचं तोंड अर्धवट उघडं. मग कट.
गोळ्यांची चिठ्ठी मात्र पोचली.
पुन्हा नंबर लावला. दुसराच डॉक्टर. पहिल्याची चिठ्ठी बघून म्हणाला, "यही चालू रखिए."
निघताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, तरी धाराशिवला दाखवाच." हो म्हणालो. आधी गोळ्या तर संपू देत.

३ फेब्रुवारी
गोळ्या संपल्या. ही म्हणते गाठ तेवढीच आहे. मी हात लावून पाहिला. तेवढी नाही.

७ फेब्रुवारी
धाराशिव. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी हातानं दाबून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "इतके दिवस काय करत होतात?" मोबाइलवर दाखवलं होतं, म्हणालो.
सुईनं तुकडा काढला. तपासायला बाहेर जाणार. रिपोर्ट ऑनलाइन येईल. येताना तुळजापुरात एसटी बदलताना हिनं उसाचा रस मागितला. कधी काही मागत नाही.

१८ फेब्रुवारी
मधल्या सुट्टीत बसूचा फोन. त्यानं तिकडं बसून रिपोर्ट उघडला. "पप्पा, कॅन्सरच आहे." मग म्हणाला, "आईला इतक्यात सांगू नका."
पाचवीला भागाकार चालू होता. फळ्यावर काय लिहिलं आठवत नाही.
घरी आलो तर हिनं शेंगाची चटणी कुटलेली. "आला का वो रिपोर्ट?" नाही अजून, म्हणालो. "येईल की," म्हणाली. वाढलं. जेवलो.

२१ फेब्रुवारी
ही आत कानडीत बोलत होती. वाटलं, आळंदच्या बहिणीशी. पण उत्तर देणारा आवाज बहिणीचा नव्हता. मोबाइलमधल्या त्या एआयचा. हिनं विचारायचं, त्यानं कानडीत सांगायचं. आमच्या घरात कानडी नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला निम्मंच कळतं. कॅन्सर हा शब्द मात्र तोच.
रिपोर्ट हिच्या मोबाइलवरही आलेला. बसूनं आरोग्य कार्ड काढताना हिचाच नंबर दिला होता. हिनं रिपोर्टचा फोटो त्या यंत्राला दाखवला.
"मराठीत इचारलं असतं तर तुमी ऐकलं असतं."
"मला सांगायचं नाहीस?"
"तुमी सांगितलं का?"
त्यानं सगळं सांगितलंय तिला. कुठं कुठं पसरतो, किती जण वाचतात. ओट्यापाशी उभी, एकटी.
"लई गोड बोलतंय वो. अन् थांबतच न्हाय."

१२ मार्च
सोलापूरच्या स्कॅनमध्ये यकृतात दिसला, मणक्यातही. आज धाराशिवहून मोठ्या शहरातल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. तिघं होते. ऑपरेशनचा उपयोग नाही, केमो देता येईल, त्यानं काही महिने...
ही मध्येच म्हणाली, "बरी व्हईन का?"
आज आवाज अगदी स्वच्छ. एकदाही तुटला नाही.
"नाही बाई," तिघांतले एक डॉक्टर म्हणाले.

२९ मार्च
शाळा सकाळची झाली. दुपारी घरीच. ही पाठीला उशी लावून बसते. आता दुखतं.
सिस्टर येऊन गेल्या. दारातच डोळे भरलेले. "काकू, मी ओरडून सांगत होते हो त्यांना." हिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. "व्हय गं, ऐकलं की मी. माझ्या म्होरंच तर." मग म्हणाली, "पदर मीच धरला होता." सिस्टरनी पेला तसाच खाली ठेवला.

११ एप्रिल
सोमवारी सोलापूरला पहिला केमो. बसूनं लिंक पाठवली. रविवारी सगळे व्हिडिओवर बसून ठरवू, म्हणे. त्याच्या ओळखीचे एक डॉक्टरही जॉइन होतील. हिनं मोबाइल बाजूला सारला. "त्याला म्हणावं, लिंक नको. तू ये."
निरोप दिला. "बघतो पप्पा," म्हणाला. बघतो म्हणजे काय ते मी विचारलं नाही.
पिशवी भरली. दोन लुगडी, टॉवेल, रिपोर्टांची फाइल. "सोमवारी जायचं ना?" विचारलं. ही ताटात ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत.
"पीठ संपलंय. आधी दळण आणा."
आणलं. डबा भरून झाकण लावलं. सोमवारला मात्र अजून हो म्हणालेली नाही.