कटिंगच्या टेबलावर बसलेला सीडी प्लेअर

तीर्थरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघे धरलेत म्हणून अर्धीच वाकले आहे, उरलेलं तुम्ही धरून घ्या.) तुमची कंबर आता बरी असेल. तुमच्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं कळलं. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत असेल, तेव्हा घर झाडून ठेवत जा. इकडे सगळे सुखरूप आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचे बंधुराज सुखरूप आहेत. मी नाही.

माझं कटिंगचं टेबल गेलं. चोरीला नाही गेलं, घरातच आहे, पण त्यावर सीडी प्लेअर बसलाय आणि मी इस्पितळाचे गाऊन जमिनीवर बसून कापते आहे. हे गाऊन म्हणजे पेशंटला घालतात ते, मागे नाड्यांचे. थरावर थर घालून एकदम कापावे लागतात. जमिनीवर खालचा थर सरकतो आणि एक बाही लांब, एक आखूड होते. मोठ्या सिस्टरांनी निरोप पाठवलाय की असलं काम पुन्हा आलं तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. ही ऑर्डर गेली की माझं दुकान बंद, कारण गिऱ्हाइकांच्या फॉल-बिडिंगवर चूल पेटत नाही आणि ह्यांची पेन्शन आता तारांवर खर्च होते. तेव्हा टेबल मला परत पाहिजे. ते तुमच्यामुळे गेलंय, तुम्हीच मिळवून द्या.

तुमच्यामुळे कसं, ते सांगते. रागावू नका, आणि रागावलात तरी पुढे वाचा. घर आवरताना तुम्ही सीड्यांचा खोका आमच्याकडे पाठवलात, वर चिठ्ठी, की टाकवत नाहीत, तुम्ही ऐका. आमच्याकडे ऐकायला काय होतं? झाकण तुटलेला टेपरेकॉर्डर, तोही रबर बँड लावून चालायचा. मी म्हटलं, दोरीला बांधून गच्चीवर टांगू, पाखरं तरी पळतील. पण तुमच्या भावाने खोका मांडीवर घेतला आणि एकेक सीडी उजेडात धरून बघायला लागले. तेव्हाच मी ओळखलं की आता घरात काहीतरी येणार.

तुम्हाला भावाचा स्वभाव माहीत आहे (नसला तर लग्नाच्या वेळी सांगितलं का नाहीत, ते वेगळं विचारीन). वजनमापं तपासायच्या खात्यात सगळी नोकरी झाली. दुकानादुकानांत जाऊन तुझा तराजू खोटा आहे असं सांगण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस रिटायर झाल्यावर खोटेपणा शोधणार कुठे? घरात. आधी माझी मापाची टेप धरली. म्हणाले, ही वापरून वापरून ताणली गेली आहे, म्हणजे तू मापं घेतलेली सगळी माणसं खरं तर थोडी जास्त जाडी आहेत. हे त्यांनी गिऱ्हाईक समोर असताना सांगितलं. ती बाई परत आली नाही.

तर प्लेअर घ्यायला आम्ही दोघं निघालो. मला एक फार आवडला होता. चकचकीत, पुढे लाल-निळे दिवे नाचतात, रेडिओ आहे, टेप लागते, सकाळचा गजरसुद्धा होतो. हे म्हणाले, दिवे ऐकू येत नाहीत. विकणारा बिचारा म्हणाला, साहेब, ह्यात सगळंच आहे. तर म्हणे, जे सगळंच करतं ते एकही काम धड करत नाही. मी तिथेच विचारलं, हे मला बोललात का? विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला.

मग दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी हे खिशातून तुमच्या खोक्यातली एकच सीडी काढायचे, ती व्हायोलिनची, आणि त्यातला एकच तुकडा लावायला सांगायचे. म्हणे, ओळखीचा आवाज असला की मशीनची लबाडी कळते. ते बरोबर असेल. पण त्यासाठी आधी दुकानातला टीव्ही बंद करायला लावायचा, मग पंखा, मग एका बाईला रडकं पोर घेऊन बाहेर उभं राहायला सांगायचं. एका दुकानदाराने टीव्ही बंद केला, पंखा बंद केला आणि मग दुकान बंद करायची वेळ झाली असं सांगितलं. भर दुपारी. नोकरीत होते तेव्हा हेच दुकानदार ह्यांना बसायला खुर्ची द्यायचे हो. आता हे उभे आणि ह्यांच्या शेजारी मी उभी.

शेवटी एक पसंत पडला. काळा, मुका, कुलूप लावलेल्या ट्रंकेसारखा. रेडिओ नाही, गजर नाही, दिवा एकच, तोही मिणमिणता. आणि तेवढ्याने भागत नाही. प्लेअर वेगळा, आवाज मोठा करायचा डबा वेगळा, स्पीकर दोन आणि तेही एकमेकांपासून लांब. सगळे वाटणी झालेल्या भावांसारखे आपापल्या जागी बसलेले आणि मध्ये नुसत्या तोंडदेखल्या तारा. तारासुद्धा जाड पाहिजेत म्हणे. जाड आणल्या. रोज त्यांना अडखळते.

आता मुख्य. हे यंत्र हललं की म्हणे आवाजाची वाट लागते, तेव्हा ठेवायची जागा जड पाहिजे आणि सपाट पाहिजे. ह्यांनी गवंड्याची पाणसळ आणली आणि घरातलं सगळं सामान तपासलं. जेवायचं टेबल नापास, कपाट नापास, तुमच्या वडिलांचं लिहायचं मेज, ज्याचं एवढं कौतुक, तेही नापास. माझं कटिंगचं टेबल मात्र पास. इतक्या वर्षांच्या संसारात माझी एक गोष्ट ह्यांच्या मापाला उतरली आणि तीच माझ्याकडून गेली.

तिथून पुढे माझी शिवणाची खोली माझी राहिलीच नाही. माझ्याच खडूने जमिनीवर त्रिकोण काढलाय. दोन टोकांवर स्पीकर, तिसऱ्यावर ह्यांची खुर्ची. त्रिकोणात पाय टाकायचा नाही, मी भिंतीला धरून जाते. गाणं चालू असताना शिलाई मशीन बंद, त्याची घरघर खालच्या सुरांत मिसळते म्हणे. फ्रिजची घरघर मिसळते म्हणून फ्रिज बंद, दूध नासलं. मग कुठूनतरी टिकटिक यायला लागली. प्लेअर उचलून दुकानात नेला. तिथे टिकटिक नाही. घरी आणला, परत टिकटिक. तारा बदलल्या. दोन दिवस हे तारांना कान लावून बसले. शेवटी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, रिटायर होताना ऑफिसने दिलेलं. आता तेही बंद आहे. किती वाजले ते मला शेजारच्या कुकरवरून कळतं.

एकदा मला त्या खुर्चीत बसवलं. डोळे मिट म्हणाले. मिटले. ऐकलंस का, गाणारी बाई ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते, तोसुद्धा ऐकू आला! मी म्हटलं, आला. बाई आहे, श्वास घेणारच. तेव्हापासून मला बसवत नाहीत.

एवढ्यावर थांबतील तर ते तुमचे भाऊ कसले. उघड्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो म्हणून भिंतीवर जाड कापड पाहिजे. घरात जाड कापड कोणाकडे? माझ्याकडे, गिऱ्हाइकांचं. बँकेतल्या बाईंचा लोकरी कोट अस्तर बदलायला आला होता, तो ह्यांनी मागच्या भिंतीवर हात पसरून खिळ्यांना लटकवला, जसा काही तिथे कोणी शरण आलाय. बाई न्यायला आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, हा माझाच ना? ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि समोरच्या स्टुलाकडे खूण केली. गाणं संपेपर्यंत बाई बसल्या. वन्सं, मी मेले.

आणि परवा मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. हातात आखूड बाहीचा गाऊन. मला वाटलं, संपलं. मी जमिनीवर, भोवती कापडाचे थर, तोंडात टाचण्या, म्हणजे उत्तरही देता येईना. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही हे असं खाली का कापता? मी कात्रीने टेबलाकडे दाखवलं. त्या बघायला गेल्या, तर ह्यांनी आदराने खुर्ची दिली, तीच, त्रिकोणातली, आणि ती व्हायोलिनची लावली. जरा वेळाने बघते तर सिस्टर गाढ झोपलेल्या. आखूड बाहीचा गाऊन पोटाशी धरून. सतत ड्युट्या करणारी बाई, तिला उठवायचं कोणी? हे शेजारी उभे राहून हळू आवाजात सांगतच होते, की आता डावीकडून कसा आवाज येतो आणि उजवीकडून कसा. त्यानेच त्या जाग्या झाल्या. जाताना दारात मला म्हणाल्या, “बाई, गाऊन आठ दिवसांनी दिलेत तरी चालतील, पण सरळ कापून द्या. मशीन उत्तम आहे तुमचं. साहेब मध्ये मध्ये बोलतात तेवढंच.”

तर वन्सं, आठ दिवस मिळालेत, त्यातले दोन गेले. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्यापुढे ते अजून मान वर करत नाहीत. एक खरमरीत पत्र लिहा, की खोका परत पाठव, माझं मन बदललं. खोका गेला की लावणार काय? प्लेअर माळ्यावर जाईल आणि मला माझं टेबल मिळेल. तुमच्या ह्यांना नमस्कार, डोळ्यात औषध वेळेवर घालायला सांगा.

तुमची भावजय

ता. क. खोका मागवू नका. वर लिहिलं ते दोन दिवसांपूर्वी रागाने लिहिलं. काल हे पेन्शनच्या ऑफिसात आपण जिवंत आहोत हे दाखवायला गेले होते. मी प्लेअर उचलून तांदळाच्या डब्यावर ठेवला, खाली घोंगडी घालून. एक स्पीकर स्वयंपाकघरात नेला, एक शिवणाच्या खोलीत ठेवला. स्वयंपाकघरात नुसता ढोल वाजत होता आणि इकडे नुसती गाणारी बाई. भाजी ढोलावर चिरली आणि गाऊन बाईच्या गाण्यावर कापले. टेबलावर कापले, शिलाई मशीनही चालू, फ्रिजही चालू. बाह्या एकसारख्या आल्या. हे यायच्या आत सगळं खडूच्या खुणांवर परत मांडलं. आले, बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, आज आवाज मोकळा झालाय, मशीन आता रुळलं.

ता. क. दुसरा. म्हणून खरी विनंती ही, की फक्त त्यांना बोलावून घ्या, महिनाभर. कंबर दुखते म्हणा, काहीही म्हणा. मशीन आण असं मात्र चुकूनही लिहू नका. मला त्याची सवय झाली आहे. हे त्यांना कळवू नका.

ता. क. तिसरा (हस्ताक्षर माझे). तीर्थरूप ताईस सादर प्रणाम. सौ. उतू चाललेल्या दुधाकडे गेली असता पत्र नजरेखालून घातले. प्लेअर तांदळाच्या डब्यावर ठेवल्याचे आजच समजले. असे पुन्हा घडू नये म्हणून मी उद्याच निघत आहे आणि मशीन सोबत आणत आहे. तुमचे जेवणाचे टेबल जड असल्याचे स्मरते. त्यावरील सामान हलवून ठेवावे. फ्रिज खोलीपासून किती अंतरावर आहे ते कळवावे.

ता. क. चौथा. वन्सं, पुन्हा मी. ते आज सकाळी गेले, प्लेअर मांडीवर, स्पीकर पायांशी. मी पाकीट आत्ता चिकटवते आहे, तेव्हा पत्र पोचेल त्याआधी ते पोचलेले असतील. टेबल रिकामं आहे. गाऊन संध्याकाळपर्यंत होतील. घरात माझं एकटं शिलाई मशीन चालतंय, दुसरं काही ऐकू येत नाही, आणि श्वास घेतला तर तो मलाच ऐकू येतो. त्यांना तुमच्याकडे करमलं तर राहू द्या, घाई नाही. प्लेअर मात्र लगेच पाठवा. ते मागाहून आले तरी चालतील.