सातव्या प्रकरणातली साक्ष

३ नोव्हेंबर २०२५

आज सातव्या प्रकरणात अडकले! खिडकीला गोधड्या, पंखा बंद, समोर माइक. टेकचंद बिसेनांची ही तिसरी कोर्टाची थरारकथा मी ऑडिओबुकसाठी वाचतेय. वकिली सोडून लिहायला लागले ते, पण गोंदियात सगळे अजून 'वकीलसाहेब'च म्हणतात. वाचता वाचता एक बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली — "कडी माझ्या भावानंच लावली. मी पाहिलं."

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

ही तर केवळराममामाची केस! सालेकशाचं तेंदूपानाचं गोदाम, आग, दाराला बाहेरून कडी, आत जळून मेलेला चौकीदार. मामाचं त्याच्याशी भांडण होतं. आई त्याच गोदामात पानं बांधायला जायची. शिक्षा झाली ती आईच्या साक्षीवर — सख्ख्या बहिणीच्या! मामाचे वकील बिसेनच. तेव्हा मी नऊ वर्षांची. मामा सुटून चार वर्षं झाली, सालेकशातच राहतो. आमच्या घरी त्याचं नाव निघत नाही.

४ नोव्हेंबर

वकीलसाहेबांना फोन केला. "साहेब, ही खरी केस आहे का?"

"कादंबरी आहे, बाई. खरं-खोटं कायले पाहता?" मग जरा थांबून — "त्या बहिणीचा आवाज घाबरलेला ठेवा."

घाबरलेला का? मी कोणाची मुलगी ते त्यांना ठाऊक आहे, की नाही? काहीच कळलं नाही.

५ नोव्हेंबर

सहा वेळा वाचलं. सहाही वेळा ती बाई आईसारखी बोलली.

७ नोव्हेंबर

विसावं प्रकरण. उलटतपासणीत बहीण कोसळते. नवऱ्याला वाचवायला खोटं बोललेली. कडी नवऱ्यानं लावली होती!

म्हणजे बाबा?? ते तर त्या दिवशी तिरोड्याला होते. की तसं आम्हाला सांगितलं? बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आता विचारू कोणाला? लिहिणाऱ्याला शेवटी कोणीतरी गुन्हेगार लागतोच, म्हणून नवरा धरला असेल. असेल ना? डोकं चालेना. वाचताना आवाज फाटला, तसाच राहू दिला.

९ नोव्हेंबर

दुपारी आई तांदूळ निवडत होती. हेडफोन लावून तिला दोन्ही प्रकरणं ऐकवली. हात थांबले तिचे.

"हे तूच बोलून राहिली का?"

"हो. आई, कडी बाबांनी लावली होती का गं?"

"त्याईले काऊन मधात आणतं? ते तिरोड्याले होते." एवढंच. उठून आत गेली.

म्हणजे मामाच! क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग माझीच मला लाज वाटली.

१० नोव्हेंबर

सकाळी आई लुगडं बदलून दारात उभी. सालेकशाची गाडी कधी आहे, विचारलं.

"भावाले सांगा लागते. वाऱ्यानं दार आपटून राहिलं होतं, म्हून जाता जाता मीच कडी लावली. आत माणूस झोपला हाय, मले का माहीत? मंग भेवानं भावाचं नाव घेतलं."

अकरा वाजता आहे, मी म्हटलं.