अर्धी वार

दूधविनायक, वाराणसी
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्रेयीस,
श्रीनिवासकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बरणी एकदाची भरली. दिवाळीत तू ती फॉर्मलिनची बरणी फडताळात ठेवून गेलीस, तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे संशयाने बघत होतं. मागच्या वर्षी गल्लीतली भुरी कुत्री व्याली तेव्हा तिची वार पाठवली, तिची किनार हिरवीगार निघाली म्हणून मी घाबरलो होतो आणि तू मला मनसोक्त हसली होतीस. या खेपेला आपली ठमी मांजर व्याली. तीन पिल्लं झाली, त्यांतली दोन मेलेलीच आली. तिसरं आहे, पण त्याच्यात काही दम नाही. दोन वारा ठमीने आमच्यादेखत गट्ट केल्या. तिसरी तुझ्या काकूने तिच्या तोंडून ओढून काढली.

हो, तुझ्या काकूनेच! मांजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला शिवलं तरी जिचा दिवसभर जळफळाट होतो, तिने स्वतः पुढे होऊन हे काम घेतलं आणि मला तिथून हाकलून दिलं. म्हणाली, मैत्रेयीच्या अभ्यासाचं आहे, मी नीट भरते. मी तर थक्क झालो. बँकेतले बिंदुमाधव नागपूरला निघाले आहेत, त्यांच्या हवाली बरणी केली आहे. आत काय आहे ते त्यांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. गृहस्थ सोवळ्यातले आहेत.

दुसरी बातमी दबक्या आवाजात. अंतराला दिवस गेले आहेत. तिसरा महिना आहे. मागच्या दोन्ही वेळा याच महिन्याअखेरीस सगळं संपलं होतं, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. निमिष ऑफिसातून आला की आधी बायकोचा चेहरा बघतो, मग चपला काढतो. काकू सुनेला संकठा घाटाच्या पायऱ्याही उतरू देत नाही.

कानांनी राजीनामा दिल्यापासून फोन मला नुसता खरखरतो, तेव्हा पत्रानेच उत्तर दे. माझ्यासारख्यांमुळे पोस्टखातं तग धरून आहे असं तू म्हणतेसच.

कळावे. म्हाताऱ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा काका


नागपूर
६ मार्च २०२५

ती. काकांना मैत्रेयीचा साष्टांग नमस्कार.
वि. वि.

बरणी मिळाली. बिंदुमाधवांनी ती लोणचं समजून दोन्ही हातांनी जपून आणली. मी त्यांना चहा दिला आणि बरणी उचलून आत ठेवली.

अंतराची बातमी वाचून आधी आनंद झाला आणि मग मी बोटांवर महिने मोजले. तिला माझं खूप प्रेम सांगा.

तुम्ही मागे विचारलं होतं, की मी या वारेत नेमकं काय शोधते. सोपं करून सांगते. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये वार असते, आणि ती उभी राहते प्रथिनांच्या जोरावर. एक प्रथिन पेशींमधल्या भिंती पाडतं, म्हणजे खोल्याखोल्यांचं एकच दालन होतं आणि आईच्या रक्तातलं पोषण पिल्लाकडे जातं. गंमत अशी, की हे प्रथिन मुळात एका विषाणूचं. कुत्र्यामांजरांच्या पूर्वजांच्या अंगात तो विषाणू कधीकाळी शिरला आणि तिथलाच झाला. तुमच्या गल्लीतल्या जुन्या भाडेकरूंसारखा. दुसरं प्रथिन रिलॅक्सिन. कुत्री आणि मांजरी यांच्यात ते मुख्यतः वारच बनवते. कुत्रीच्या रक्तात ते दिसलं की ती खरोखर गाभण, नाहीतर नुसतं सोंग. मी वारेचे पातळ काप करते आणि त्यांवर असा रंग चढवते, की जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी दिसावं.

आता माझी तक्रार. कुत्रीची काय किंवा मांजरीची काय, वार पिल्लाभोवती कमरपट्ट्यासारखी असते. तुम्ही पाठवलेला पट्टा अर्धाच आहे. ठमीने अर्धा खाल्ला असं मी मानलं असतं, पण कड अगदी सरळ कापलेली आहे. आपली ठमी हुशार आहे हे मला मान्य, पण ती विळी घेऊन बसत नसावी. काकूला विचाराल का? ती रागावणार नाही अशा बेताने विचारा.

घरातल्या सगळ्यांची खुशाली कळवा. माया आहे तशीच असू द्या.
तुमची मैत्रेयी


दूधविनायक, वाराणसी
१७ मार्च २०२५

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

तुझा विषाणू भाडेकरू फार आवडला. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली, तर विश्वेश्वरशास्त्री म्हणाले की निदान त्याने घराचं काहीतरी भलं केलं, आमचा भाडेकरू तर नळसुद्धा बंद करत नाही.

काकूला विचारलं. बेतानेच विचारलं, तरी ती भडकली. म्हणाली, मांजरीने खाल्ली असेल, मी काय तिच्या तोंडात हात घालून मोजत बसू? मग हातातलं ताट आपटून आत गेली. आमच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, ताट कधी आपटतात ते मला कळतं. पण सध्या तिच्या जिवाला घोर आहे, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

यंदाची होळी फिकी गेली. ठमीचं उरलेलं पिल्लूही गेलं. निमिषला ताप आला, तो उतरला, पण खोकला जात नाही. काकूची छाती दुखते. मलाही रात्री घाम फुटतो. डॉक्टर म्हणतात हवा बदलते आहे. एकाच घरात तिघांची हवा बदलली, एवढंच.

पण मोठी गोष्ट अशी, की अंतरा चांगली आहे. चौथा लागला! जो महिना तिने कधी पाहिला नव्हता तो ती बघते आहे. डोळ्यांत तेज आलं आहे, खाते, हसते. काकूने तिच्या कमरेला चांदीचा ताईत बांधला आहे. आत काय आहे ते सासूसुना सांगत नाहीत. मी चिडवलं, की आत माझी जुनी पेन्शनची पावती घातली असेल, तर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी शाळामास्तर, ताईतांवर माझा विश्वास नाही. पण ती हसते आहे, तर कमरेला दगड बांधला तरी माझी हरकत नाही.

तब्येतीला जप. पत्रातला जिव्हाळा आटू देऊ नकोस.
तुझा काका


नागपूर
२८ मार्च २०२५

ती. काकांना नमस्कार. वि. वि.

हे पत्र एकटे बसून वाचा आणि वाचल्यावर लगेच उठा.

ठमीच्या वारेचे काप रंगवले. जिथे सगळीकडे तपकिरी दिसायला हवं तिथे ठिगळं दिसली. दालन बांधणाऱ्या पेशी फुगलेल्या, आणि प्रथिनाच्या जागी त्यांच्यात बारीक जंतू खच्चून भरलेले. मी दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घेतली, म्हणून इतके दिवस गेले. या आजाराला क्यू फीवर म्हणतात. गाईगुरांकडून, गोचिडांकडून मांजरीला होतो. पिल्लं त्यानेच मेली असणार. व्यायलेल्या मांजरीच्या वारेतून तो माणसांना होतो, नुसत्या श्वासातून. तुम्हां तिघांचा ताप, खोकला हवेचा नाही, काका. तुम्ही तिघे औषधाने बरे व्हाल. पण हा जंतू बाईच्या पोटातल्या वारेतही घर करतो. तिला ताप येत नाही, खोकला येत नाही, काही कळत नाही. आणि मग मूल जातं.

मला पाठवलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये आहे, त्याचं भय नाही. भय आहे ते दुसऱ्या अर्ध्याचं. तो नुसता वाळवला तर जंतू मरत नाही, कित्येक महिने जिवंत राहतो, आणि त्याची भुकटी उडते.

तुमचं पत्र वाचून मी त्या ताईतापाशी अडले. लगेच निमिषला फोन केला. तो म्हणाला सोनोग्राफी छान आहे, ताई, उगाच भीती घालू नकोस, आईला हे कोण विचारणार? मी ओरडले, तर त्याने फोन अंतराला दिलाच नाही, आणि तेव्हापासून दोघेही माझा फोन उचलत नाहीत, म्हणून हे स्पीड पोस्टाने. काकूला विचारणारं त्या घरात तुमच्याशिवाय कुणी नाही.

तो ताईत घरात उघडू नका, झटकू नका, जाळू नका, गंगेत तर मुळीच सोडू नका. तोंडाला फडकं बांधून ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा. अंतराच्या डॉक्टरबाईंना दाखवायला सोबत वेगळी चिठ्ठी आहे. त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. अंतराचं रक्त त्याच दिवशी तपासणीला जायला हवं.

काकूवर रागावू नका. नंतर कधीतरी रागवा.
मैत्रेयी


दूधविनायक, वाराणसी
६ एप्रिल २०२५

चि. मैत्रेयीस आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे, अक्षर समजून घे.

पत्र वाचून मी काकूसमोर उभा राहिलो आणि फक्त विचारलं की कुठे आहे. तिने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. संकठेच्या देवळात तिला एक बाई भेटली होती. इथे लोक मांजरीची वार, त्यांच्या भाषेत जेर, शेंदूर लावून तिजोरीत ठेवतात, घरात बरकत राहते म्हणून, हे तुलाही ठाऊक आहे. त्या बाईने सांगितलं, की हीच जेर वाळवून कमरेला बांधली तर गर्भ गळत नाही. काकूला एकच वार मिळाली. तुला शब्द दिला होता, तो मोडवेना. नातवंडावाचूनही राहवेना. म्हणून तिने विळीवर सरळ दोन भाग केले. अर्धी तुझ्या विद्येला दिली आणि अर्धी आपल्या घराला ठेवली. थोडी ताईतात, आणि उरलेली शेंदरात घोळून अंतराच्या कपाटात, तिच्या साड्यांमध्ये. रोज सकाळी अंतरा कपाट उघडायची.

कपाटातली तू सांगितलंस तशी बुडवली. ताईत मात्र अंतरा सोडेना. तिने मला समोर बसवून शांतपणे सांगितलं. तिचं म्हणणं असं, की तुमची प्रथिनं मी पाहिलेली नाहीत. मी एवढंच पाहिलंय, की दोनदा काही बांधलं नव्हतं तेव्हा मूल गेलं, आणि यंदा बांधलं तर राहिलं. काढल्यावर गेलं तर तुम्ही कोणाला विचारणार आहात? चाळीस वर्षं मी मुलांना उत्तरं शिकवली, मैत्रेयी. शेवटी तुझंच पत्र तिच्या हातात ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो.

संध्याकाळी तिने तो आपणहून सोडला आणि बादलीत टाकला. रक्त तपासणीला गेलं, आणि तुझं खरं निघालं. आम्हां तिघांना एक औषध, तिला वेगळं, पोटातल्याला सोसेल असं, जवळजवळ शेवटपर्यंत घ्यायचं. डॉक्टरबाई म्हणतात, आत काय झालं असेल ते बाहेरून कळत नाही, वाट बघायची. ठमीला निमिष जनावरांच्या दवाखान्यात देऊन आला.

काकू सुनेच्या समोर येत नाही. ताट वाढते, ते दाराशी ठेवते आणि मागे वळते. मी रागावलो नाही. तू सांगितलं होतंस म्हणून नव्हे, मला रागवताच आलं नाही.

आमची आठवण ठेव.
तुझा काका


दूधविनायक, वाराणसी
२ जून २०२५

प्रिय मैत्रेयीताईंना अंतराचा नमस्कार.

तुम्हांला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. ग्वाल्हेरला आमच्या घरी मराठी फक्त बोलायची असायची, लिहायचं हिंदीतच, तेव्हा गलती असेल तर सांभाळून घ्या.

गोळी एकही चुकवली नाही. मामंजींचा आणि निमिषचा खोकला गेला. आईंचाही गेला. मागच्या महिन्यात बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा मी आईंना स्वयंपाकघरातून ओढून आणलं आणि त्यांचा हात पोटावर ठेवला. त्या इतक्या दिवसांनी माझ्याजवळ बसल्या. त्यानंतर रोज दुपारी येतात, हात ठेवतात आणि बाळाशी बनारसी हिंदीत गप्पा मारतात. मामंजी दारातून चिडवतात, की मूल आधी भोजपुरी बोलेल आणि मग रडेल. घर पुन्हा घरासारखं झालं होतं.

ताई, परवापासून बाळ हललेलं नाही.

मी कुशीवर निजून बघितलं, थंड पाणी पिऊन बघितलं, गोड खाऊन बघितलं. काल दुपारी आई आल्या, हात ठेवला, तर मी सांगितलं की झोपलंय. आज पण तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, आळशी आहे, बापावर गेलंय. मी हसले.

फोन करता आला असता. पण फोन केला असता तर तुम्ही त्याच घटकेला मला दवाखान्यात पाठवलं असतं, आणि तिथे जे कळणार आहे ते मला कळलेलं आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल आणि तुमचा फोन येईल, तोवर मला इथे अशीच राहू द्या. आई दुपारी येतात, तोवर त्यांना येऊ द्या.

मग एक काम तुम्हांलाच करायचं आहे. माझ्याच्याने होणार नाही, आणि मामंजींना खोटं बोलता येत नाही. आईंना सांगा, की हे त्या मांजरीमुळे नव्हतं. सांगा की तुम्ही सगळं तपासलं, जंतू औषधाने मेला होता, आणि हे मूल आधीच्या दोघांसारखंच जाणार होतं. माझ्यातच दोष आहे असं सांगितलंत तरी चालेल. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं त्या मानतील.

सांगाल ना? तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. माझ्यावरची माया मात्र यानंतरही राहू द्या.

तुमची
अंतरा