पेवातली मूठ

प्रिय महादेवी,

तुझं पत्र होळीच्या आधी आलं आणि मी पाडवा होऊन गेल्यावर उत्तर लिहायला बसले आहे. रागावू नकोस. तू लिहिलंस की दवाखान्यातल्या मोठ्या बाई तुला आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहेत, अडलेल्या बाळंतपणाचं सगळं शिकवणार आहेत आणि पुढं तिथंच, हैदराबादेत, काम देणार आहेत. खाली लिहिलंस, "पण अव्वा, मी गावाची मूठ खाऊन शिकले. येऊ की राहू, एका शब्दात कळव." उत्तर माझ्या हातात असतं तर दुसऱ्याच दिवशी कार्ड टाकलं असतं. पण मूठ काही माझ्या एकटीची नव्हती. म्हणून सगळ्या जणी मिळून धान्याचं पेव भरतात त्या दिवसापर्यंत थांबले.

इकडं सगळे बरे आहेत. तुझ्या घरी ऊन तापल्यापासून अप्पांचा खोकला कमी झाला. शाळू यंदा बरा आला, दाणा टपोरा आहे. लढाई संपली म्हणतात, पण रॉकेल अजून चिठ्ठीवरच मिळतं. म्हणून मी उजेड आहे तोवर दुकानाच्या ओट्यावर बसून लिहिते. जाणारा-येणारा विचारतो, "काय लिव्हायलाव अव्वा, कोर्टाचं काय?" मी म्हणते, "व्हय, तुज्यावरच फिर्याद करायलेय." माझी अक्षरं अजून वाकडी आहेत. घरधनी वारल्यावर दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून एकेक अक्षर जुळवत शिकलेली बाई मी, जोडाक्षर आलं की अजून थांबते. तू सुट्टीत यायचीस तेव्हा माझ्या चुका पाटीवर काढून दाखवायचीस. आता दाखवायला कुणी नाही, तर तूच वाचताना दुरुस्त करून घे.

मुठीची सुरुवात तुला नीट आठवत नसेल. आपल्या लिंगायत घरांत दळायला बसताना आधी जंगमाची, म्हणजे स्वामींच्या भिक्षेची, मूठ बाजूला काढतात. सोमवारी वीरभद्रस्वामी यायचे आणि साठलेली ज्वारी झोळीत घेऊन जायचे. माझी लेक गौरा गेली त्याच्या तिसऱ्या वर्षी मी त्यांना इथंच ओट्यावर विचारलं, की स्वामी, तुमच्या मुठीतली अर्धी एका पोरीच्या शिकण्याला दिली तर पाप लागंल का? मला वाटलं, त्यांना राग येईल. ते म्हणाले, "मला एकच पोट हाय बाई, आन् तेबी आता म्हातारं झालंय." मग तेच दारोदार सांगत फिरले, आपल्या घरांतच नव्हे, पाटलांच्या, कुणब्यांच्या घरीसुद्धा. आबासाहेब पाटलांच्या तानुबाईनं मूठ कबूल केली, पण अट घातली, "पोरगी हुशार पायजे. माजी जवारी मठ्ठाच्या पोटात जायला नगं." तू हुशार होतीस म्हणून तुझं नाव निघालं, असं गाव आजही समजतं. मी कधी कुणाचं बोलणं खोडलं नाही. खरं कारण वेगळं होतं. ते शेवटी लिहिते.

पहिल्या वर्षाची फजिती तुझ्यापर्यंत आम्ही पोचूच दिली नाही. आमच्या परसातलं पेव, ते जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, घरधनी गेल्यापासून रिकामं पडलं होतं. बाया रोज सकाळी आपापली मूठ पदरात घेऊन यायच्या, दगड सरकवायच्या, ज्वारी आत टाकायच्या, पुन्हा दगड लावायच्या. आम्हाला वाटलं, पेवात धान्य टिकतं म्हणजे टिकतंच. पेव भरणं आणि लिंपणं हे कायम गडीमाणसांचं काम, आम्ही फक्त बाहेर निघालेली ज्वारी निवडणाऱ्या. पेव एकदाच भरून बंद करायचं असतं, रोज तोंड उघडलं की आत ओल शिरते, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? गड्यांना ठाऊक होतं, पण ते लांबून बघत राहिले. पावसाळा संपल्यावर आत दिवा सोडला तर तो विझला. तोंड उघडं टाकून आतली हवा जाऊ दिली, मग शेजारचा लिंबाजी उतरला आणि खालून ओरडला, "अव्वा, जवारी न्हाई, खत हाय खत!" सगळी काळी पडली होती. त्या वासानं गल्लीतली कुत्रीसुद्धा लांब गेली. परभणीला माझ्या नणंदेकडं राहून तू शाळा शिकत होतीस, तिथं तुझं धान्य पोचवायचे तेच दिवस होते. तानुबाई परसात उभी राहून म्हणाली, "शिकवा आता पोरीला खतावर."

मूठ त्या दिवशीच मोडायची. पण दिवेलागणीला तीच बाई डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन आली. पाटी दाणकन खाली ठेवली आणि म्हणाली, "उपकार म्हनून न्हाई. माज्या मुठीचा वास गावभर झाला, त्याची लाज वाटली म्हनून." तिच्यामागून इतर आल्या. तेव्हा ठरलं, की मूठ ज्याच्या त्याच्या घरी गाडग्यात साठवायची आणि पाडव्यानंतर उन्हात वाळवून एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून पेव भरायचं. लिंपायचंही आपणच. लग्न आणि मयत सोडून गावातल्या बाया एका अंगणात बसल्या, ते पहिल्यांदा त्या दिवशी.

पुढं तुला जितकं लागायचं त्याहून जास्त साठू लागलं. लढाईच्या काळात लेव्हीवाले, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचे लोक, घराघरातून ज्वारी घेऊन गेले आणि आषाढात कितीतरी चुली थंड झाल्या. आम्ही पेव उघडलं. ज्याला लागेल त्यानं न्यायचं आणि सुगीला परत आणून घालायचं. मानवतच्या अडत्यापुढं कुणाला हात पसरावा लागला नाही. लेव्हीवाल्यांनी त्या पेवाचीही चौकशी केली होती. तेव्हा आबासाहेबांनी त्यांना गंभीर तोंडानं सांगितलं, "त्याला हात लावू नका साहेब, ते बायांचं हाय. एकीशी भांडून तुमी जिंकाल, समद्यांशी न्हाई." तू तिकडं शिकत होतीस आणि तुझ्या नावानं ठेवलेलं धान्य गाव खात होतं. हे तुला कुणी कळवलं नाही, कारण तुला परकं वाटेल असं मला वाटलं. आता कळवते, म्हणजे मूठ नुसती तूच खाल्लीस हे डोक्यातून जाईल.

आता कडूबाईचं. गौराच्या बाळंतपणात सुईण म्हणून तीच होती, हे तुला माहीत आहे. त्यानंतर आम्ही दोघी पाणवठ्यावर भेटायचो, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही. ती माझ्या दारावरून जाताना पदर पुढं ओढायची. तू दोन वर्षांमागं सुट्टीत आलीस आणि सरळ तिच्या उंबऱ्यात जाऊन बसलीस. मला आधी ते आवडलं नव्हतं. तू तिला चुका सांगितल्या नाहीस, नुसतं म्हणालीस, मला तुमचे हात बघू द्या. मग नखं काढायला लावलीस, पाणी उकळायला लावलंस, नाळ कापायचं पातं आणि दोरा त्यात टाकायला लावलास. ती गावभर कुरकुरत फिरली, "हिच्या मायला बाळंतपनात म्या सोडवलं, आन् ही मला हात धुवायला शिकवायलीय!" पण तेव्हापासून तिच्या चुलीवर आधी पाणी चढतं, मग ती बाळंतिणीकडं जाते. पाचव्या-सहाव्या दिवशी आखडून जाणारी लेकरं आता जात नाहीत. बाया म्हणतात, लेकरं नेणारी सटवी गाव सोडून गेली. कडूबाई म्हणते, "गेली कुठं, माज्या पान्याला भेली."

तर पेव भरायच्या दिवशी मी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. तानुबाई लगेच म्हणाली, "आलंच पायजे तिनं. इतकी वर्सं मूठ घातली ती काय हैदराबादच्या बेगमांसाठी?" बऱ्याच जणींनी मान हलवली. तुझ्या अप्पांना विचारलं तर ते कुंपणापलीकडून म्हणाले, "मला नगा इचारू, पोर तुमची हाय." माझ्याही मनात तू यावीस असंच होतं. रोज त्या पिंगळी स्टेशनाच्या रस्त्याकडं बघण्याची सवय मला झाली आहे. मग कडूबाई उठली. एवढ्या बायांत ती कधी बोलत नाही. म्हणाली, "सोपं बाळंतपण मला येतं. हात धुवायचं तिनं शिकवलं. पण पोर आडवं आलं की आजबी मला कायबी कळत न्हाई, नुस्ता देव आठवतो. ते शिकू द्या तिला. दोन वर्सं म्या निभावते, मरत न्हाई तवर." शेवटी तानुबाईच म्हणाली, "मग पेव काय मोकळं ठिवायचं व्हय? दुसरी पोरगी काढा." आणि आश्रुबाच्या मानकर्णेचं नाव तिनंच घेतलं. कुणीतरी टोमणा मारला, "हुशार पायजे म्हनली हुतीस ना, काकी?" तानुबाई म्हणाली, "हुशार न्हाई, पर भांडखोर हाय. टिकंल." आषाढात मानकर्णा परभणीला जाईल.

म्हणून तुझं उत्तर, एका शब्दात मागितलंस तसं: राहा. दोन वर्षांनी काय करायचं ते तुझं तू ठरव. इथं आलीस तर ओटा आहेच. तिथं राहिलीस तर मानकर्णेला पुढं कुणीतरी लागेलच. भीड धरून मात्र येऊ नकोस.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. पेवाचं तोंड लिंपताना कडूबाई माझ्या शेजारी बसली होती, एकाच चिखलात दोघींचे हात. तिनं वर न बघता विचारलं, "महादेवीला इचारायचं का अव्वा, गौराचं? माजं काय चुकलं ते?" इतक्या वर्षांत गौराचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणाले, मलाही विचारायचंय. तू सात वर्षांची असताना, गौराचा दिवस करून सगळे परतले होते आणि बाया मला देवाची मर्जी समजावून सांगत होत्या, तेव्हा तू ओट्यावर चढून विचारलं होतंस, "गौराक्का कशानं मेली?" तुझ्या आईनं तुला रट्टा दिला. पण सगळ्या गावात तेवढं तू एकटीनंच विचारलंस आणि मला उत्तर देता आलं नाही. पोरगी काढायची वेळ आली तेव्हा मी तुझं नाव घेतलं ते त्यासाठी. वैशाखात मी आणि कडूबाई पिंगळीहून गाडीत बसतो. काचीगुडा स्टेशनावर उतरवून घे, आम्ही दोघी कधी एवढ्या लांब गेलेलो नाही. कळा कधी सुरू झाल्या, किती वेळ थांबलो, दवाखान्याकडं निघालेली बैलगाडी ओढ्याच्या काळ्या चिखलात कुठं रुतली, ते मी सांगेन. आपले हात काय करत होते ते कडूबाई सांगेल. मग तू सांग, गौरा वाचली असती का. असेल ते खरं सांग, आम्हाला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. फक्त आधी कडूबाईला पाणी दे आणि तिच्या जवळ बस. मी दुसऱ्या बाजूला बसेन.

तुझीच
अव्वा